भागिले आठ

वागळे इस्टेटला, कामगार कार्यालयाच्या बाजूच्या गल्लीत
आमचं झेरॉक्सचं दुकान.
दोन मशीन, एक लॅमिनेशन, भानुशाली शेठ
आणि दुपारी तीन ते रात्री आठ, मी.

शेठच्या वहीत दीक्षा गमरे कुठेच नाही.
'मुलगी – हाफ', एवढंच.
शेजारी महिन्याचा आकडा, पेन्सिलनं,
म्हणजे खोडता येतो.

हाफ.
किसननगरहून शेअर रिक्षा मला हाफमध्ये आणत नाही.
समोरच्या गाडीवर वडा कुणी अर्धा कापून देत नाही
माझं वय बघून.
टाचाही दुखतात त्या दोन्ही.

काल एकजण आला, खिशाला तीन पेनं.
"राजपत्र आहे, ताई. बारा प्रती, पाठपोट.
पान सात पुसट आहे, जरा डार्क कर."

डार्क करायचं म्हणून वाचलं, एरवी मी वाचत नाही.
रोज लोकांचे सातबारे, घटस्फोट, मृत्यूचे दाखले
हाताखालून जातात,
वाचत बसले तर दुकान चालायचं नाही.
पण पान सातवर एक शब्द होता: अंशकालिक.
मला वाटलं ग्रहणाचा प्रकार.
खग्रास, खंडग्रास, अंशकालिक.

पुढे लिहिलेलं:
रोजचा दर भागिले आठ,
येईल त्यात पंधरा टक्के वाढवून
तासाला.

पुन्हा वाचलं.
वाढवून. कापून नाही.
म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी सरकारी पंख्याखाली बसून
तुकड्यानं राबणाऱ्याचा तुकडा
जरा मोठा ठेवायचं ठरवलं होतं,
आणि मला कुणी बोललंच नव्हतं.

हिरवा उजेड काचेखालून सरकत गेला.
तेरावी प्रत माझी.
गल्ल्यात माझे चार रुपये टाकले, पाठपोटचे.
हिशेब मागायचा तर आधी आपला चोख.

वाया गेलेल्या कागदावर गणित मांडलं, तीनदा.
एसवायला आहे, भागाकार येतो मला.
उत्तर तिन्ही वेळा तेच,
शेठचा आकडा त्याच्या कमरेलाही लागत नव्हता.

शटर ओढायच्या आधी कागद काउंटरवर ठेवला.
शेठनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे फॅक्टरीवाल्यांचं असतं."
'दुकाने' शब्दावर मी बोट ठेवलं.
"अगं पण तू शिकतेस ना अजून? इथे बसून अभ्यासही करतेस."
करते.
कॉस्टिंगचं पुस्तक काउंटरखाली असतं,
गिऱ्हाईक आलं की एका बोटावर मिटतं.
हे काही म्हटलं नाही.
म्हटलं, "वहीत तास लिहा, शेठ. आणि माझं नाव."
ठणकावून म्हणायचं होतं,
निघालं ते सुट्टे मागितल्यासारखं.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.
पण बाबा अॅडमिट होते तेव्हा यांनीच
न मागता उचल दिलेली, आणि ती
त्याच वहीत आहे, पेननं.
त्यांनी कागद उलटा केला, सरळ केला.
"पुढच्या महिन्यापासून बघू."
काय बघू, ते विचारायचं राहिलं.
आकडा की दुसरी मुलगी.

आज वही नेहमीच्या जागी. मी उघडली नाही.
चार वाजता पलीकडच्या केकच्या दुकानातला फरहान आला,
कोपराला क्रीम वाळलेलं.
आधारच्या दोन कॉपी.
"किती तास करतोस रे?"
"पाच. सहा. सोडतील तोवर."
"तासाला किती पडतात?"
तो हसला.
"तासाला कोण मोजतं, दीदी?"

आधार त्याला परत दिलं.
"थांब जरा," म्हटलं,
आणि पान सात काचेवर पालथं घातलं.