साठ टनी काटा

दहाव्या मैलावर काटा आहे आपला, साठ टनी.
आज अमावास्या. कांद्याचे लिलाव बंद.
सकाळपासून एक भुश्शाचा टेम्पो आला
आणि एक माणूस, सुट्टे मागायला.

“काय चाललंय?” पलीकडून पंक्चरवाला सुकदेव.
“माश्या मारतोय.”
खरं तर माशी एकच आहे
आणि तिला मी मारणार नाही.
तिच्याशिवाय केबिनमध्ये हलतंय कोण?

मालकाचा पोरगा डबा ठेवून जातो,
मोबाइलमधून मान न काढता म्हणतो, “जाम पकलोय.”
एकोणीस वर्षांचा. पिकायच्या आधीच पकला.
आमच्या वेळी डोक्याचं दही व्हायचं,
मंडई व्हायची, भुगा व्हायचा,
निदान डोकं तरी लागायचं त्याला.
सुकदेव म्हणतो, पीळ मारू नको.
गप्प बसलो, तर म्हणतो,
बोल ना कायतरी, टाइमपास.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणे.
रिकाम्या काटेवाल्यानं काय लावावं?
मी स्वतःच जाऊन उभा राहिलो काट्यावर,
पळत येऊन खिडकीतून आकडा पाहिला:
शून्य.
मग सुकदेवला उभं केलं. साठ.
चहा पाजून पुन्हा. साठच.
दहा-दहा किलोंनी मोजतं हे यंत्र,
कंटाळा त्याच्या हिशेबात बसत नाही.

चार वाजता कुत्री येऊन पसरली लोखंडावर,
केबिनच्या सावलीपुरती.
वीस.
ती जांभई देते, मग मी,
मग रस्त्यापलीकडे सुकदेव.
जांभई हायवे ओलांडते
इंडिकेटर न देता.

आई यातला एकही शब्द वापरायची नाही.
“करमत नाही रे,” म्हणायची फोनवर,
ओझरहून, म्हणजे इथून हाकेवरून.
मी म्हणायचो, टीव्ही लाव.
करमतंय असं कुणी
आपण होऊन फोन करून सांगत नाही,
हे मला आज सुचतंय,
पन्नाशीत, डब्यातली मिरची बाजूला काढताना.

कुत्री उठून गेली.
वारा सुटला की रिकामा काटा कधीकधी
उणे दहा दाखवतो.
कंपनीचा माणूस म्हणाला होता, काही नसतं ते,
शून्याचं बटण दाबायचं.

अजून दाबलं नाही.
पिंपळगावकडून ट्रक येतोय बहुतेक,
किंवा नुसताच हॉर्न.