दोन पौंडांचा उजेड

तयार पडदे मिळतात म्हणे, झगझगीत.
किंमत ऐकली : माझ्या अख्ख्या हिवाळ्याचा कोळसा.
मी फोन ठेवला
आणि काळ्या कापडाखाली पुन्हा डोकं घातलं.
काचेच्या मध्यावर चॅपलची खिडकी, उलटी,
बाकी सगळं आमच्या खाणीचा तळ.

आमचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
वेल्समध्ये इतकी अक्षरं फुकट गेलेला दुसरा डोंगर नसेल.
ऊन इथे येतं ते बिल वसूल करायला आल्यासारखं,
दारातूनच परत जातं.

आधी कापड बघितलं.
युद्धात खिडकीला लावलेला आईचा काळा पडदा,
कसरीने चाळण केलेला.
एकेक भोक रफू केलं
तशी काच थोडी थोडी वर आली.
उजेड हवा तर आधी उजेड अडवायचा,
हे मला पंच्याहत्तराव्या वर्षी सुईने शिकवलं.

मग कॅडवन म्हणाला, तेल लाव.
शिवणयंत्राचं लावलं, दोन थेंब.
काच लख्ख झाली,
इतकी लख्ख की चित्रच उरलं नाही.
अख्खं चॅपल आरपार निघून गेलं,
वाटेत स्टेशनच नसल्यासारखं.
चित्राला टेकायला ओरखडे लागतात, इद्वल,
असं मीच मला म्हणालो आणि साबण शोधला.

ओरखडे, पण बारीक.
कॅडवन दुर्बिणीचे आरसे घासतो,
त्याने चिमूटभर पूड दिली कागदाच्या पुडीत.
खिडकीच्या काचेचे दोन तुकडे, पाणी, पूड,
तीन रात्री आठचा आकडा गिरवत बसलो.
तिसऱ्या रात्री नेस्टा विणकाम टाकून उठून गेली.
नंतर माझ्याही लक्षात आलं :
बापाच्या छातीत हाच आवाज होता.

मध्य उजळला. कोपरे नाहीत.
आणि रविवारी चॅपल शेवटचं उघडणार होतं.
उरलेली माणसं अकरा.
विकत घेणारा तिथे गिर्यारोहकांसाठी न्याहारी करणार आहे.
नेस्टाची जागा डावीकडे, पुढच्या बाकावर,
म्हणजे काचेवर उजवीकडे, वर,
जिथे रात्रच होती.

तिच्याकडे प्लास्टिकचं एक भिंग होतं, पानाएवढं, पातळ,
केमिस्टकडून दोन पौंडांना घेतलेलं.
स्तोत्रांच्या पुस्तकावर ठेवायची.
तिरकं धरलं की त्यात वर्तुळात वर्तुळं दिसत,
तबकडीवरच्या रेघांसारखी.
म्हटलं, मला हवंय. कापावं लागेल.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग स्वतःची चांगली कात्री आणून दिली,
कागद कापायला कुणाला न देणारी ती.

खाचांची बाजू काचेकडे,
चार कोपऱ्यांना चिकटपट्टी.
रविवारी कापडाखाली शिरलो आणि नुसता थांबलो.
डोळ्यांनाही वेळ द्यावा लागतो,
एक स्तोत्र पुरतं संपेपर्यंत.
मग कोपरा आला.
आधी बाकाची कड,
मग टोपीवरची निळी पीस,
मग ती, डोकं खाली, पाय आढ्याला.
मांडीवर पुस्तक उघडं. नजर त्यात नव्हती.
पहिलं कडवं तोंड हललं.
दुसऱ्याला थांबलं.
दहाजण गात होते
आणि मला इतकं स्वच्छ दिसत होतं
की मी भिंगाची कड सोडवायला नख घातलं.

पण खिडकीत ऊन आलं होतं, ते आमच्यासाठी थांबत नाही.
प्लेट सरकवली.
प्लेट आत गेली की काच आंधळी.
बाहेर येऊन घड्याळावर सोळा सेकंद मोजले,
वर न बघता. बघायला हवं होतं.

सोमवारी केमिस्टकडे गेलो. आता दोन पौंड चाळीस.
संध्याकाळी प्लेट धुतली,
ओली असतानाच दिव्यासमोर धरली.
टोपी स्पष्ट. हात स्पष्ट, बोटांची नखंसुद्धा.
तोंड तेवढं पुसट आलंय.
म्हणजे हलत होतं.