उंचीचा वर्ग

क्लाक्सविकच्या दवाखान्यात मार्युन नर्स
वजनाला भागते उंचीच्या वर्गाने.
याकुप: अठ्ठ्याण्णव किलो, एक मीटर ऐंशी.
उत्तर तीस, वर थोडं.
तक्त्याचा लाल रकाना सुरू होतो तिथूनच.

तो हसतो.
पंचवीस वर्षं जाळी ओढून
दंडांवर चढलेलं मांस
आकड्याला कुठून कळावं?
"पट्टा काढ," ती म्हणते,
पोटाभोवती टेप फिरवते.
टेपला कळतं.
हसू थांबतं.

मग सुन्नुवा.
गेल्या वर्षी सत्तावीस होती,
भावाच्या लग्नात साखळीनाच नाचताना
लाकडी जमीन दणाणायची तिच्या पावलांखाली.
आज बावीस.
हिरवा रकाना, अगदी मधोमध.
"छान" म्हणायला मार्युनचे ओठ उघडतात
आणि तिला अंगठी दिसते,
निसटू नये म्हणून
आतून लोकर गुंडाळलेली.

ती पेन खाली ठेवते,
खुर्ची जवळ ओढते.
"जेवण जातंय का गं?"

याकुपच उत्तर द्यायला जातो,
पण तो तर
सगळा हिवाळा समुद्रावर होता.
पट्टा हातात तसाच.