फाटकाची पोच

वीब्रनचा फोन आला तेव्हा तीन वाजून गेले होते.
"एकेचाळीस अडकलीय," एवढंच म्हणाला.
फ्रीसलंडातली माणसं रात्री कमी बोलतात,
दिवसाही फार बोलतात असं नाही.

डोक्कमच्या पुढे रस्ता कालव्याला धरून जातो.
कालव्यावर दुधावरच्या सायीइतकाच बर्फ.
गमबूट घालून, लॅपटॉप कोटाच्या आत धरून
गोठ्यात शिरले, तर क्लास्के बाहेर उभी,
वीब्रनने हाताने फाटक ओढून सोडवलेली,
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर एकेचाळीस,
चेहऱ्यावर काहीच तक्रार नाही.
अकरा मिनिटं ताटकळली होती यंत्रात.
पान्हा सुटला होता, कप लागलेच नव्हते.
खाली फरशीवर पांढरे थेंब.

इथे गाईंना आता कुणी हाक मारत नाही.
जिची कास जड होईल ती आपली येते,
दोनला, साडेतीनला, कधी दोघी एकदम
खांद्याने खांदा रेटत.
यंत्राने सदा जागं असावं,
पण वाट पाहत बसू नये.
नव्या पोरांना मीच शिकवते हे:
निरोप आला की दारातच घ्यावा,
रांगेत ठेवावा
आणि आल्या पावली परत फिरावं.
वाचणंबिचणं मागाहून, निवांत.
दारात गप्पा मारू नयेत, मागे कुणीतरी उभं असतं.

पालथ्या बादलीवर बसून
मी माझाच कोड वाचत होते, आठ वर्षांपूर्वीचा.

पट्टा निरोप देतो: गाय आली.
त्या निरोपाच्या उंबऱ्यातच मी लिहिलं होतं:
फाटक लागल्याची पोच येईपर्यंत थांब.
एकच ओळ. शेजारी शेरा: क्षणभरच.
आणि राखणदार टायमर,
अशा वेळी ज्याने भुंकून सगळं घर उठवायचं,
त्यालाही त्याच ओळीत मी दर फेरीला थोपटत होते.
तो कशाला भुंकेल?

आठ वर्षं ते खरोखर क्षणभरच होतं.
फाटक आधी लागायचं, गाय मान नंतर खाली घालायची.
आज उणे नऊ. बिजागरी आखडली,
फाटक अर्धा सेकंद मागे पडलं.
त्याची पोच आली ती दाराशी,
आणि दारात मी.
जिची वाट पाहत होते
तिचीच वाट अडवून.

वीब्रनने कॉफी आणून बादलीशेजारी ठेवली.
"काय झालं होतं, रिक्स्त?"
मी सांगितलं. त्याने मान हलवली,
जसं शेजारच्या घरातलं काही ऐकावं
आणि त्यावर बोलू नये.

मी ती ओळ खोडली.
पट्ट्याचा निरोप रांगेत, फाटकाची पोचही रांगेत,
दोघांची गाठ घालून देणं हे आतल्या फेरीचं काम,
तिला सवड होईल तेव्हा.
रांगेला सोळा घरं.

"आणि सोळाही भरली तर?"
हा प्रश्न कंपनीत मला कुणी विचारला नव्हता.
म्हटलं, ठरवावं लागतं,
जुना निरोप पुसायचा की नव्याला दारातून परत लावायचं.
तो विचारात पडला. मग म्हणाला,
"नव्याला लाव. गाय परत येते."

तसं लिहिलं.
पाच वाजले तेव्हा आम्ही दोघं नुसते उभे होतो.
त्याला अजून पाचलाच जाग येते,
चाळीस वर्षांची सवय.
त्या जागेचं पुढे काय करायचं
हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही.
तो गोठ्यात येतो, दिवा लावत नाही.

पावणेसहाला क्लास्के पुन्हा आली,
कुणी न बोलावता.
बिजागरी कुरकुरली. फाटक उशिराच लागलं.
मी श्वास धरून स्क्रीनकडे पाहत राहिले,
म्हणजे पुन्हा तेच,
आणि तेवढ्यात नळीतून दूध निघूनही गेलं होतं.