अकरा वाजता बारा

ब्र्नो शहरात अकरा वाजता बाराचे ठोके पडतात.
कुठल्याशा वेढ्यातली युक्ती म्हणे ती.
वेढा उठून पावणेचारशे वर्षं झाली,
नियम उठला नाही.

वेंडेलीनने हे सांगितलं मी कामाला लागले त्या आठवड्यात,
गार झालेल्या कॉफीत साखर ढवळत.
मग स्क्रीनवर बोट ठेवलं: ओळ चारशे बारा.
बॅकअपला घंटेची फाइल वाचू द्यावी.
का, ते लिहिलेलं नाही.
"लिहिणारा मीच," तो म्हणाला, "पण विसरलो.
काढू नकोस. काढलीस तर मला सांगू नकोस."

पूर्वी सगळं सोपं होतं,
ज्याच्या हाती ससा तो पारधी.
फाइल ज्याची, मर्जी त्याची,
आणि रूटला तर कुणी विचारायचंच नाही.
आमच्याकडे तसं चालत नाही.
प्रत्येक फाइलच्या गळ्यात चिठ्ठी,
प्रत्येक चालत्या प्रोग्रामच्याही.
गाभा दोन्ही वाचतो, वही उघडतो.
वहीत नसेल तर नाही.
रूट असलास तरी नाही,
रडलास तरी नाही.

फेब्रुवारीत, रात्री पावणेदोनला,
मुलांच्या इस्पितळातून डॉक्टर हेडविकाचा फोन.
छातीचे फोटो उघडत नाहीयेत.
"तुमचं ते कुलूप काढा, दोन मिनिटांचं काम आहे!"
दोन मिनिटांचंही नाही. एका शब्दाचं.
तो टाइप केला की सक्तीची मुभा होते,
गाभा मग नुसता बघत बसतो,
सगळं टिपतो, कुणालाच अडवत नाही.
एका रात्रीपुरते म्हणून मोकळे सोडलेले सर्व्हर
मी पाहिलेत, सहा सहा वर्षं मोकळेच.

खोटं कशाला बोलू, शब्द टाइप झाला होता.
फक्त एंटर राहिला होता.
फोनमध्ये मागे कुणीतरी लहान खोकत होतं.

मग नोंदवही उघडली. नन्नाचा पाढा:
नाही नाही नाही, दोन पानं,
आणि प्रत्येक नाहीच्या शेपटाला फोटोच्या चिठ्ठीवरचा शब्द:
तात्पुरतं.

संध्याकाळी कुणीतरी ते उचलून आणले होते
तात्पुरत्या फोल्डरमधून कायमच्या जागी.
नक्कल केली असती, तर नव्या घराची चिठ्ठी मिळाली असती.
उचलून आणलं की जुनीच गळ्यात राहते.
जागा बरोबर, नाव बरोबर, मालक बरोबर,
तरी दाराशी उभे.

माझ्या पासपोर्टात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे,
चेर्निव्त्सीहून आले त्या वसंतातली.
मुदत वाढते, शब्द तोच राहतो.
खिडकीमागची बाई वाईट नाही.
मागच्या खेपेला माझं नाव नीट उच्चारलं तिने, सोलोमिया,
आणि मग वही उघडली.

तो शब्द खोडला. दुसरी आज्ञा दिली:
कुठून आलात ते विसरा,
आता जिथे आहात तिथली चिठ्ठी घ्या.
चौदा हजार दोनशे फोटो, एका मिनिटाच्या आत.
"हं, दिसलं," डॉक्टर म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी बराच वेळ त्या आज्ञेकडे बघत राहिले.
इतकी छोटी ओळ.

वेंडेलीन आता झ्नोय्मोला असतो, जर्दाळूची झाडं लावलीत त्याने.
एप्रिलमध्ये मी ओळ चारशे बारा काढली.
काहीच मोडलं नाही.
त्याला सांगितलं नाही.

फक्त रोज अकराला,
टेकडीवर बाराचे ठोके पडत असताना,
नोंदवहीत एकच नाही उमटतं.
कोण येऊन मागतं, मी अजून शोधलेलं नाही.