नीळ

सोहारला कोवळं ऊन नसतं.
जुलैत पहाटेच ते जून होऊन उगवतं,
खारवलेलं, पत्र्याला हात लावू न देणारं.
आई फोनवर म्हणते, "तिका वायच कवळ्या उनात धर."
मी हो म्हणतो.
तिला कसं सांगू, तुझी नात
काचेच्या पेटीत, निळ्या उजेडात निजली आहे,
डोळ्यांवर पट्टी, कमरेला तेवढा लंगोट,
आणि खिडकीबाहेर एवढं ऊन वाया चाललं आहे.

पिवळ्याशी माझं जुनं भांडण.
मासळीबाजारामागे अठरा वर्षं लाँड्री.
डिशडाशाच्या कॉलरवरचं घामाचं पिवळं वेगळं,
ऊदाच्या अत्तराचं वेगळं,
कपाटात घडी घालून विसरलेलं
सगळ्यांत हट्टी.
वेंगुर्ल्यात बापू निळीची पुरचुंडी
बादलीत हलवायचा, तीन हेलकावे, चौथा नाही.
जास्त झाली तर कापड रुसतं, म्हणायचा.

तरी पोरीचं पिवळं मला दिसलं नाही.
मंगलला दिसलं. तिनं कपाळावर बोट दाबलं,
उचललं,
आणि खाली हळद.

दोन दिवस दिव्याखाली, तरी आकडा उतरेना.
तीनशे दहा. तीनशे अठ्ठावीस.
लिसम्मा सिस्टर टाचेतून रक्त काढताना
मल्याळममध्ये पोरीची माफी मागते.
सकाळी तीनशे छत्तीस.

डॉक्टर थुरैया खुर्ची ओढून बसल्या.
डॉक्टर बसून बोलायला लागला की माझे पाय गार पडतात.
दिवे चालूच ठेवू, म्हणाल्या,
जोडीला एक औषध, तोंडातून, एवढंसं.
मोठ्यांचं आहे, रक्तातल्या चरबीवरचं.
काही ठिकाणी बाळांना देतात, सगळे नाही देत.
तिचं काळीज अजून नवशिकं आहे,
त्याच्या हाताखाली एक माणूस दिल्यासारखं होईल.
नाही उतरलं, तर रक्त बदलावं लागेल.

नाव सांगितलं त्यांनी.
मी खिशातून पाकीट काढून समोर धरलं.
रोज रात्री जेवल्यावर मी घेतो, तीच गोळी.
त्यांनी पाकीट पाहिलं, मग पेटीकडे,
मग माझ्या पोटाकडे.
हसलं कुणीच नाही.

कागद अरबीत, पाठीमागे इंग्रजीत.
घाईत सहीच्या जागी मी आमची खूण काढून बसलो,
दोन टिंबं, एक आडवी रेघ,
कपडा हरवू नये म्हणून आतल्या शिवणीवर काढतो ती.
सिस्टर म्हणाली, राहू दे, खाली नाव लिही.

त्या रात्री दुकानात गेलो नाही.
कुंजुमोननं एकट्यानं चाळीस डिशडाशा मारल्या.
मी पेटीशी उभा, हात निळे, शर्ट निळा,
मंगलचे गाल निळे,
फक्त पोर कुठल्याच रंगाची दिसेना.
बापू कधीकधी निळीच्या पाण्यात चमचाभर सोडा टाकायचा.
कधी टाकायचा, कधी नाही,
ते मी कधी विचारून घेतलं नाही.

दोनशे अठ्ठ्याण्णव.
मग दोनशे एकेचाळीस, आणि मग दिवे बंद.
मंगलनं विचारलं, दिव्यानं उतरलं की औषधानं?
डॉक्टर म्हणाल्या, एका बाळावरून कसं सांगू?
आणि दुसऱ्या पेटीकडे गेल्या.

घरी आलो. दोरीवर टाकलेलं दुपटं
चार मिनिटांत कडक झालं.
फोन वाजला. "दाखयलंस मां ऊन?"
दाखवलं, म्हटलं.
रंग सांगितला नाही.