झेलणारा

तिकीट फाडून बार्नाबाश
पायरी चढवायला हात देतो –
पंजा नाही धरत, मनगट धरतो.

आत एतेल्काचे बूट काचेत.
तळ कोरे; जमिनीशी फारसं बोलणं नसावं.
पोस्टरांवर तीच, सगळीकडे, हवेत.
हत्तीच्या झुलीला अजून वास आहे
ओल्या भुशाचा.

शेवटच्या खोलीत एक फोटो
उलटा टांगलाय, वाटलं.
खिळा ठीक होता.
मान वाकडी करून पाहिलं, तेव्हा
दांडीला गुडघे अडकवून लोंबणारा तो,
तरणा, हात पुढे,
चौकटीत समोर कोणीच नाही.

बाहेर तिसा नदी गोठलेली.
कोट घालताना विचारलं,
‘हातून कुणी सुटलं का कधी?’

त्यानं मोड मोजली.
दोन नाणी जास्तच दिली.